रडीचा डाव ऑनलाइन: हॅकर, रिपोर्ट आणि बॅनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका छोट्या शूटर सर्व्हरवर मी बरीच वर्षं अ‍ॅडमिनगिरी करतोय. रोज तेच प्रश्न येतात, बहुतेक रात्री उशिरा, आणि बहुतेक नुकत्याच हरलेल्या माणसाकडून. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो.

चीटिंग नेमकं कशाला म्हणायचं?

लपंडावात राज्य घेतलेला पोरगा डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघत असेल, तर तो डाव रडीचा. वॉलहॅक म्हणजे तीच बोटांची फट: भिंतीपलीकडचा माणूस दिसतो. एमबॉट तुमच्या वतीने नेम धरतो. ट्रिगरबॉट नेम धरत नाही, पण शत्रू क्रॉसहेअरखाली, म्हणजे पडद्यावरच्या नेमाच्या खुणेखाली, आला की गोळी झाडतो. स्पीडहॅकने माणूस पळण्याऐवजी उडाल्यासारखा जातो. लॅग स्विचवाला स्वतःचं कनेक्शन क्षणभर मुद्दाम तोडतो आणि आपण त्याच्या गोठलेल्या सावलीवर गोळ्या घालत बसतो.

याशिवाय एक धूसर पट्टा आहे. मॅपमधल्या चुकीचा फायदा घेणं, एखाद्याचं लाइव्ह स्ट्रीम बघून त्याची जागा शोधणं, दुसऱ्याकडून आपल्या आयडीवर रँक चढवून घेणं, असले प्रकार. यातलं काय चालतं आणि काय नाही ते त्या त्या गेमचे नियम ठरवतात. माझी कसोटी साधी आहे: समोरच्याला हे कळलं तर तो पुन्हा तुमच्याशी खेळायला बसेल का?

एकट्याने खेळायच्या गेममध्ये चीट कोड टाकलात तर त्याच्याशी कोणाला काही देणंघेणं नाही. खुशाल टाका.

एवढं तंत्रज्ञान असून सर्व्हरला भिंतीआडून बघणारा कळत का नाही?

कारण ती माहिती त्याला सर्व्हरनेच दिलेली असते. शत्रू कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्याची जागा पाठवायची नाही असं ठरवलं, तर इंटरनेटच्या उशिरामुळे तो तुमच्यासमोर हवेतून उगवल्यासारखा दिसेल. म्हणून त्याची जागा थोडी आधी पाठवावी लागते. ती तुमच्या संगणकाच्या मेमरीत येऊन पडते, गेम ती दाखवत नाही एवढंच. वॉलहॅक ती वाचतो आणि पडद्यावर चौकोन काढतो.

उपाय नाही असं नाही. व्हॅलोरंट या शूटर गेमने २०२० मध्ये आल्यापासून, शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा शक्यतो पाठवायचीच नाही अशी व्यवस्था ठेवली आहे. वॉलहॅकवाल्याला मग अगदी शेवटच्या क्षणी दिसतं. पण प्रत्येक खेळाडूला कोण दिसू शकतो याचा हिशेब सर्व्हरला सतत करावा लागतो, आणि ते स्वस्तात होत नाही.

खेळाडूच्या संगणकावर भरवसा ठेवण्याचं जुनं उदाहरण डायब्लो या गेमचं. १९९७ च्या पहिल्या भागात पात्राची माहिती खेळाडूच्याच संगणकावर असायची, त्यामुळे ज्याला हवं तसं तो फाइलमध्ये लिहून घ्यायचा आणि खेळाची पार रया गेली. २००० मध्ये दुसरा भाग आला तेव्हा बॅटल डॉट नेट या कंपनीच्या ऑनलाइन सेवेतल्या बंद रेल्म्समध्ये पात्रं कंपनीच्या सर्व्हरवर ठेवली. तिजोरीची किल्ली ग्राहकाकडे द्यायची नसते हे तेव्हा पक्कं झालं. तरीही नेम ग्राहकाच्याच माउसवरून येतो, तो काही सर्व्हरवर नेता येत नाही. एमबॉट आजही जिवंत आहे त्याचं कारण हेच.

समोरचा हॅकर आहे हे कसं ओळखायचं?

खरं सांगू? बहुतेक वेळा तो हॅकर नसतो. तो तुमच्यापेक्षा चांगला असतो, किंवा त्याला तुमच्या पावलांचा आवाज आलेला असतो, किंवा त्याच्या जोडीदाराने मेल्यावर तुमची जागा सांगितलेली असते. एका क्लिपवरून कधीही निकाल देऊ नका. दिवसाला शे-दोनशे गोळ्या भिंतीतून मारणाऱ्याची एखादी लागणारच, आणि क्लिप फक्त तिचीच निघते.

डेमो, म्हणजे सामन्याचं रेकॉर्डिंग, बघायला बसलात तर नवखा अ‍ॅडमिन नेम बघतो. मी आधी रिकामे कोपरे बघतो. सरळ खेळणारा माणूस खोलीत शिरताना सगळे कोपरे तपासतो, कारण कोण कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. दहापैकी नऊ वेळा तिथे कोणी नसतं, तरी तो बघतो. वॉलहॅकवाल्याला हे नाटक फार वेळ जमत नाही. रिकाम्या कोपऱ्याकडे पाठ करून तो निवांत चालतो, आणि जिथे माणूस आहे तिथेच सावध होतो.

दुसरी खूण म्हणजे रीलोड. आमच्याकडचा एक खेळाडू नेम अगदी माणसासारखा ठेवायचा, चुकायचा, शिव्याही द्यायचा. पंधरा राऊंड बघितल्यावर लक्षात आलं की शत्रू दोन भिंती पलीकडे असेल तर हा कधीच मॅगझीन बदलत नाही, आणि मैदान रिकामं झालं की लगेच बदलतो. आवाज येऊ शकणार नाही अशा अंतरावरसुद्धा. त्यातच एकदा त्याचं क्रॉसहेअर भिंतीमागून चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून तीन सेकंद सरकत गेलं, आणि मग झटक्याने जमिनीकडे वळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तो जमिनीकडचा झटका मला नेमापेक्षा जास्त बोलका वाटला.

आता उलट बाजू. रेकॉर्डिंगमध्ये दिसणारा झटका खरा असेलच असं नाही. सीएस:गो (काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह) या शूटर गेमचे अधिकृत सामने सेकंदाला ६४ वेळा हिशेब करायचे, पण त्यांचे डेमो ३२ वेळाच नोंद करायचे. मधलं अर्धं गायब. साधा, गुळगुळीत नेमसुद्धा त्या डेमोत एमबॉटसारखा टुणकन उडताना दिसायचा. हे न समजल्यामुळे किती जणांच्या नावाने बोंबाबोंब झाली असेल, त्याला गणतीच नाही.

रिपोर्टचं बटण दाबल्यावर पुढे काय होतं?

गेमनुसार वेगळं. बहुतेक ठिकाणी रिपोर्टवरून कोणाला थेट बॅन होत नाही. रिपोर्ट म्हणजे फक्त ‘इकडे बघा’ एवढा इशारा. दहा मित्रांनी मिळून एकाला रिपोर्ट केलं म्हणून तो उडत नाही, आणि ते बरंच आहे.

समुदायाच्या हाती निवाडा देण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग सीएस:गो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह या कंपनीने २०१३ मध्ये त्या गेममध्ये केला. त्याचं नाव ओव्हरवॉच, आणि त्याच नावाच्या गेमशी त्याचा संबंध नाही. अनुभवी खेळाडूंना संशयिताचे आठ राऊंड बघायला मिळायचे. नाव झाकलेलं, बाकीच्यांचीही नावं झाकलेली. शेवटी प्रत्येक मुद्द्यावर वेगळं मत: नेमाला मदत, नजरेला मदत, इतर बाहेरची मदत, आणि स्वतःच्याच संघाला त्रास. पर्याय दोनच: संशयाला जागा नाही इतकं उघड आहे, किंवा पुरावा अपुरा आहे. ‘निर्दोष’ असा पर्यायच नव्हता, ही गोष्ट मला फार आवडायची. आठ राऊंड बघून कोणी निर्दोष आहे हे ठरवता येत नाहीच.

पुढे व्हॉल्व्हने या निकालांवर व्हॅकनेट नावाची, आपोआप चीटर शोधणारी यंत्रणा शिकवली. २०१८ मध्ये त्यांनी जाहीरपणे आकडे सांगितले: खेळाडूंच्या रिपोर्टवरून आलेल्या खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण १५ ते ३० टक्के, व्हॅकनेटने पाठवलेल्या खटल्यांत ८० ते ९५ टक्के. म्हणजे हरलेल्या माणसाला आलेला संशय बहुतेकदा सिद्धच होत नव्हता. रागाच्या भरात रिपोर्ट दाबण्याआधी हा आकडा आठवा.

रिपोर्ट करून महिना झाला, तो अजून खेळतोय. का?

कदाचित तो सापडलाही असेल. सापडलेल्याला त्याच क्षणी काढलं तर हॅक विकणाऱ्याला कळतं की कुठली युक्ती पकडली गेली, आणि संध्याकाळपर्यंत नवी आवृत्ती बाजारात येते. म्हणून नावं गोळा करत राहायचं आणि एका दिवशी सगळ्यांना एकदम उडवायचं. तोवर तुमच्या लॉबीत तो नाचत राहतो. मनस्ताप होतो, मान्य आहे.

सापळ्याचं सुंदर उदाहरण व्हॉल्व्हच्याच डोटा २ या गेमचं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हॉल्व्हने ४०,००० हून अधिक खाती बंद केली. आधीच्या एका अपडेटमध्ये त्यांनी माहितीचा असा एक कोपरा तयार केला होता, जो खेळ नीट खेळताना कधीच वाचला जात नाही. ज्याच्या यंत्राने तो वाचला, तो हॅक वापरत होता. दुसरं कारणच नाही. ताकास तूर लागू न देता दार उघडं ठेवायचं, आणि आत कोण शिरतं ते मोजायचं.

कर्नलमध्ये बसणारं अँटी-चीट घेणं सुरक्षित आहे का?

हा प्रश्न मला स्वतःला अजून टोचतो. हॅक विंडोजच्या सगळ्यात खोल थरात, म्हणजे कर्नलमध्ये, जाऊन लपतात, म्हणून पहारेकरीही (हॅक शोधणारं अँटी-चीट सॉफ्टवेअर) तिथेच बसवावा लागतो, असा कंपन्यांचा युक्तिवाद. तो खोटा नाही. व्हॅलोरंटचं अँटी-चीट, व्हॅनगार्ड, संगणक सुरू होतानाच जागं होतं. ते बनवणाऱ्या रायट कंपनीने त्यातली गंभीर चूक दाखवणाऱ्याला १ लाख डॉलरपर्यंत बक्षीस जाहीर केलं होतं.

पण पहारेकऱ्याकडे घराच्या सगळ्या किल्ल्या असतात. २०१३ मध्ये ईएसईए या स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेच्या अँटी-चीट क्लायंटमधून सुमारे १४,००० संगणकांवर मालकांच्या नकळत बिटकॉइन खणले गेले, आणि न्यू जर्सी राज्याबरोबर १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. २०२२ मध्ये गेनशिन इम्पॅक्ट या गेमचा अँटी-चीट ड्रायव्हर चोरांनी उचलून त्याच्या आधारे अँटीव्हायरस बंद पाडले आणि रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, पसरवलं. त्यासाठी त्या संगणकावर गेम असण्याचीही गरज नव्हती.

मी काय करतो? असले गेम ज्या संगणकावर आहेत, त्यावर बँकेचं काम करत नाही. दुसरा संगणक नसेल तर कंपनी किती विश्वासाची वाटते ते बघून तुम्हीच ठरवा. ‘काही होत नाही रे’ म्हणणाऱ्या मित्राच्या भरवशावर ठरवू नका.

आणि एवढं करूनही चोर पुढे असतोच. डीएमए कार्ड नावाचा प्रकार आहे: संगणकात एक कार्ड बसवायचं, ते गेमची मेमरी परस्पर वाचून दुसऱ्या संगणकाला देतं. हॅक त्या दुसऱ्या संगणकावर चालतो, पहिल्यावर शोधण्यासारखं जवळपास काहीच उरत नाही. भिंतीआडचे शत्रू दाखवायचे तर बहुधा त्या दुसऱ्या पडद्यावर.

मी काहीच केलं नाही, तरी बॅन झालो. असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. ‘सगळे बॅन झालेले असंच म्हणतात’ हे वाक्य खरं आहे, पण ते खऱ्या निर्दोष माणसाच्या तोंडावर मारणं क्रूर आहे.

जुलै २०१० मध्ये व्हॉल्व्हने मॉडर्न वॉरफेअर २ या गेमच्या सुमारे १२,००० खेळाडूंना चुकून बॅन केलं. व्हॉल्व्हच्याच स्टीम या गेम-दुकानाच्या एका अपडेटमुळे डिस्कवरची फाइल आणि मेमरीतली फाइल जुळेना, आणि यंत्रणेने त्याला हॅक समजलं. बॅन मागे घेतले, व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी माफी मागितली आणि भरपाई म्हणून लेफ्ट ४ डेड २ हा गेम फुकट दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडी या चिप कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमधली अँटी-लॅग प्लस ही सोय चालू केल्यामुळे काउंटर-स्ट्राइक २ मध्ये लोक बॅन होऊ लागले. ती सोय गेमच्या फायलींत ढवळाढवळ करायची. एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

आमच्या सर्व्हरवरही चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आहे, आणि सही माझी होती. एका मुलाच्या सलग तीन क्लिप आल्या, तिन्हीत तो धुरातून अचूक मारतोय. मी अर्ध्या तासात त्याला काढलं. दोन दिवसांनी त्याच्या संघातल्या एकाने पूर्ण मॅचचं आवाजासह रेकॉर्डिंग पाठवलं. तिन्ही वेळा वरच्या मजल्यावरचा जोडीदार त्याला बारीकसारीक सांगत होता: ‘पिंपाच्या डावीकडे, बसलाय, आता उठला.’ क्लिपमध्ये आवाज नव्हता. मी जाहीर माफी मागितली, बॅन काढला. तो परत आलाच नाही.

अपील करायचं असेल तर शिव्या घालू नका. तारीख, आयडी, कुठला ड्रायव्हर, कुठलं ओव्हरले (गेमवर वरून दिसणारं दुसरं अ‍ॅप) चालू होतं, शेवटचं अपडेट कधी झालं, एवढं लिहा. आणि ‘माझा भाऊ खेळत होता’ असं लिहू नका. खरं असलं तरी नका. खात्याची जबाबदारी खातेदाराची, हा नियम जवळपास सगळीकडे आहे.

मॅक्रो आणि स्मर्फ हेसुद्धा चीटिंगच का?

मॅक्रो म्हणजे एका बटणावर आपोआप चालणारी क्रियांची साखळी. बंदुकीचा धक्का आपोआप सावरणारा मॅक्रो असेल तर हो, माझ्या मते सरळ चीटिंग. बहुतेक गेमच्या नियमांतही तसंच आहे.

स्मर्फ म्हणजे पट्टीच्या खेळाडूने नव्या खात्यावरून नवशिक्यांत येऊन खेळणं. हॅक नाही, पण पहिलवानाने शाळकरी पोरांच्या आखाड्यात उतरण्यासारखं. डोटा २ ने सप्टेंबर २०२३ मध्ये अशी ९०,००० खाती बंद केली. त्याच डिसेंबरमध्ये काही स्मर्फना सणाची भेट म्हणून सुबक वेष्टनाचा खोका आला. उघडला तर आत कोळसा, आणि बॅनची बातमी. एवढ्या थंड डोक्याची थट्टा कंपन्यांना क्वचितच जमते.

मोठ्या स्पर्धांमध्ये तर सगळ्यांसमोर खेळतात. तिथे कोण करणार?

करतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या सीएस:गो संघाचा खेळाडू ‘फोर्सेकन’ भर मंचावर पकडला गेला. पंच संगणक तपासायला आले, तेव्हा त्याने फाइल पुसायची धडपड केली. फाइलचं नाव होतं वर्ड डॉट ईएक्सई. संघ बाद झाला, नंतर ऑप्टिकने तो संघच मोडला, आणि त्याला ५ वर्षांची बंदी झाली. बाकीच्या चौघांनी काय केलं होतं? काहीच नाही. मला त्या प्रकरणात नेहमी त्यांचंच वाईट वाटतं.

२०२० मध्ये तर प्रशिक्षकच सापडले. सीएस:गोच्या एका चुकीमुळे कोचला मॅपवर एका जागी अडकून शत्रूच्या हालचाली बघता यायच्या. त्यावर ३७ कोचना शिक्षा झाली. कोणी सामनेच्या सामने ती वापरली, कोणी थोडा वेळच गप्प बसला. गप्प बसणंही मोजलं गेलं, हे योग्यच झालं.

सगळ्यात चक्रावणारं प्रकरण मार्च २०२४ चं. एपेक्स लेजेंड्स या शूटर गेमच्या उत्तर अमेरिकेच्या अंतिम फेरीत, खेळ चालू असताना कोणीतरी बाहेरून घुसून एका खेळाडूच्या पडद्यावर वॉलहॅक आणि दुसऱ्याला एमबॉट चालू करून दिला. दोघंही बिचारे जागच्या जागी ओरडू लागले. सामने पुढे ढकलावे लागले.

बॅनशिवाय दुसरे उपाय नाहीत का?

आहेत, आणि ते जास्त मजेशीर आहेत. मॅक्स पेन ३ या गेमने २०१२ मध्ये चीटरांना वेगळ्या लॉबीत टाकलं: खेळा आपापसांत. कॉल ऑफ ड्यूटी या गेमचं रिकोशे हे अँटी-चीट तर पकडलेल्याला काढायच्या आधी छळतं. कधी त्याच्या गोळ्यांनी इजाच होत नाही, कधी त्याला शत्रू दिसेनासे होतात, कधी हातातली बंदूक गायब. यामागे निव्वळ सूड नाही. तो गोंधळलेला असताना त्याचा हॅक कसा चालतो हे नोंदवता येतं.

हॅक विकत घेतला तर फार तर आयडी जाईल ना?

जो माणूस तुम्हाला ‘अँटीव्हायरस बंद करा आणि अ‍ॅडमिन परवानगी द्या’ म्हणतो, त्याच्या हाती तुम्ही पासवर्डपासून पैशापर्यंत सगळं दिलेलं असतं. पुढे तक्रार करणार कोणाकडे? काही गेम खात्याबरोबर संगणकाच्या भागांचे क्रमांकही नोंदवतात, मग नवा आयडी काढूनही उपयोग होत नाही.

कायद्याचं म्हणाल तर बडगा विकणाऱ्यावरच येतो. दक्षिण कोरियात हॅक बनवणं आणि वाटणं गुन्हा आहे. पैसे घेऊन दुसऱ्याचा रँक चढवून देण्याविरुद्धही २०१८ मध्ये तिथे कायदा झाला, २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी वॉनपर्यंत दंड. अमेरिकेत २०२४ मध्ये बंजी या कंपनीने आपल्या डेस्टिनी २ या गेमचे हॅक विकणाऱ्या एमजंकीजविरुद्ध ज्यूरीसमोर खटला जिंकला. ज्यूरीने भरपाई ठरवली सुमारे ६३,००० डॉलर.

स्पीडरनमध्ये चीटिंग कसं पकडतात? तिथे तर एकटाच खेळतो.

गणिताने. स्पीडरन म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याची शर्यत. २०२० मध्ये माइनक्राफ्टच्या स्पीडरन मॉडरेटरांनी ड्रीम या प्रसिद्ध खेळाडूचे विक्रम तपासले. त्याला लागणाऱ्या वस्तू फारच सढळ हाताने मिळत होत्या. मॉडरेटरांनी २९ पानी अहवाल लिहिला: असं नशीब लागण्याची शक्यता ७.५ लाख कोटींत एक. बराच वाद झाला, आणि २०२१ मध्ये त्याने कबूल केलं की खेळ बदलणारा मॉड (बाहेरून जोडलेला प्रोग्रॅम) चालू होता, मात्र तो आपल्या नकळत राहिला. हे सगळं बिनपगारी लोकांनी, आपल्या सुट्टीच्या वेळात केलं. मला विचाराल तर समुदायाने केलेलं हे सगळ्यात नेटकं काम आहे, कारण त्यांनी आकडेमोड उघड्यावर मांडली. ज्याला खोडायचं त्याने खोडावं.

आमचा छोटा सर्व्हर आहे. सुरुवात कशी करू?

नियम आधी लिहा, भांडण व्हायच्या आधी. बॅनचा निर्णय कधीही एकट्याने घेऊ नका. आमच्याकडे त्या मुलाच्या प्रकरणानंतर तिघांनी वेगवेगळं बघून, एकमेकांना न विचारता मत द्यायचं असं ठरलं. ज्या अ‍ॅडमिनला त्या खेळाडूने मारलंय तो त्या प्रकरणात बसत नाही. प्रत्येक बॅनचं कारण आणि राऊंडचा क्रमांक वहीत. उघड चॅटमध्ये ‘हॅकर’ असा आरोप केला की दिवसभर बोलणं बंद. संशय असेल तर तो अ‍ॅडमिनला खासगीत सांगायचा. या शेवटच्या नियमावर लोक सगळ्यात जास्त चिडले, आणि वातावरणही त्यानेच सगळ्यात जास्त सुधारलं.

माजी चीटरला परत घ्यायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही एक वर्षाने घेतो, एकदाच. तो रीलोडवाला परत आला आहे. साधारण खेळतो.

माझा मित्रच हॅक वापरतो. सांगू का?

आधी त्याच्याबरोबर मॅच लावणं थांबवा. काही गेममध्ये चीटरबरोबर गटात खेळणाऱ्याचा रँकही कापला जातो, कधी तोही बॅन होतो. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं. मग त्याला तोंडावर सांगा.

माझ्या मित्राला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘सगळेच वापरतात.’ मी म्हटलं, मी नाही वापरत. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. शूटर आम्ही एकत्र खेळत नाही आता, रेसिंग खेळतो. तिथे तो प्रत्येक वळणावर कठड्याला धडकतो, त्यामुळे निदान तिकडची मला काळजी नाही.